परक्या इंजिनासाठी जागा

जुन्या स्पोर्ट्स गाडीत दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवलं की बघणारे इंजिनाबद्दलच विचारतात. किती लिटरचं, किती हॉर्सपॉवरचं, पळतं कसं. हे काम स्वतः केलेला माणूस मात्र इंजिनाबद्दल दोन वाक्यं बोलतो आणि पुढचा तासभर फाउंडेशन (इंजिन सांगाड्यावर धरणारे टेकू), ऑइल चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं), एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्याबद्दल सांगत राहतो. इंजिन तयार मिळतं. ते त्या गाडीत नीट उभं राहावं यासाठी लागणारे भाग घडवावे लागतात, कारण त्या इंजिनाच्या आणि त्या गाडीच्या आरेखकांनी एकमेकांचा विचार कधी केलेलाच नसतो. इंजिन बदलण्याच्या या खटाटोपाचा इतिहास मला या मधल्या भागांमधूनच नीट कळतो.

सुरुवात 1932 सालापासून धरायला हरकत नाही. फोर्डने त्या वर्षी 221 घनइंचाचं व्ही-8, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर असलेलं इंजिन स्वस्त गाडीत आणलं आणि कॅलिफोर्नियातल्या हौशी तरुणांच्या हाती भरपूर ताकद आली. कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर शर्यती सुरू झाल्या. 1949 च्या मॉडेलांबरोबर कॅडिलॅकने 331 आणि ओल्ड्समोबिलने 303 घनइंचाचं नवं ओव्हरहेड व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा माथ्यावर असलेलं व्ही-8 आणलं, तेव्हा जुन्या फोर्डच्या सांगाड्यात ही नवी इंजिनं बसवायची चढाओढ लागली. अडचण एकच होती. कॅडिलॅकच्या इंजिनामागची बोल्टची भोकं आणि फोर्डच्या गिअरबॉक्सची भोकं जुळत नव्हती. त्यातून अ‍ॅडॅप्टर प्लेट आली. ही जाड धातूची थाळी एका बाजूने इंजिनाला आणि दुसऱ्या बाजूने गिअरबॉक्सला ओळखते. इंजिन बदलण्याच्या कामासाठी खास घडवून विकला गेलेला हा बहुधा सर्वात महत्त्वाचा भाग.

ही थाळी दिसते साधी, पण तिच्यात दोन सापळे आहेत. पहिला जाडीचा. थाळी 12 मिलिमीटर जाड असली तर गिअरबॉक्स तेवढाच मागे जातो. मग त्याच्या इनपुट शाफ्टचं टोक क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या भोकातल्या, ते टोक पेलणाऱ्या पायलट बुशपर्यंत पोचत नाही, आणि लेथवर लांब बुश काढावा लागतो. क्लचची प्लेट आणि रिलीज बेअरिंग यांच्यातलं अंतरही पुन्हा मोजावं लागतं. दुसरा सापळा मध्यबिंदूचा. क्रँकशाफ्टचा अक्ष आणि गिअरबॉक्सचा अक्ष एका रेषेत हवा. क्रँकच्या टोकाला डायल गेज लावून इंजिन हाताने एक फेरा फिरवलं की काटा किती हलतो ते दिसतं. सर्वसाधारण मर्यादा एक इंचाच्या हजाराव्या भागाचे पाच भाग, म्हणजे 0.13 मिलिमीटर. छपाईच्या साध्या कागदाच्या एका पानापेक्षा जेमतेम जास्त. चूक यापेक्षा मोठी असली तरी गाडी सुरू होते आणि पहिले काही दिवस चांगलीही चालते. मग क्लच खरखरतो, इनपुट शाफ्टचं बेअरिंग जातं, चालू गाडीत गिअर सुटतो. दोष थाळीचा आहे हे तोवर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून जुने कारागीर थाळी आधी खुंट्यांवर बसवून गेज लावत, गरज पडली तर किंचित एका बाजूला सरकवलेल्या खुंट्या वापरत, आणि मगच बोल्ट आवळत. आजही रीत तीच आहे.

अमेरिकन इंजिन आणि ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी ही जोडी गाजवली ब्रिटिश गाडी-निर्माते सिडनी अ‍ॅलार्ड यांनी. त्यांच्या जे-2 गाड्या लंडनहून बरेचदा इंजिनाशिवायच अमेरिकेला जात आणि तिथे घेणारा आपल्या पसंतीचं व्ही-8 बसवून घेई. म्हणजे पुढचा भाग मुळातच एकापेक्षा जास्त इंजिनांना जागा देईल असा आखलेला होता. 1950 च्या ल मॉंच्या 24 तासांच्या शर्यतीत स्वतः अ‍ॅलार्ड आणि टॉम कोल यांनी कॅडिलॅकचं 5.4 लिटरचं इंजिन लावलेली जे-2 तिसऱ्या क्रमांकावर आणली. शर्यतीत गिअरबॉक्सचे खालचे दोन गिअर गेले आणि गाडी वरच्या एकाच गिअरवर रेटावी लागली. मोठं इंजिन बसवलं की पुढचा कच्चा दुवा कुठे सापडतो, ते तिथे सगळ्यांना दिसलं.

त्यानंतरचं नाव एसी कोब्राचं. एसी या ब्रिटिश कंपनीच्या एस नावाच्या हलक्या गाडीत ब्रिस्टलचं दोन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन असे, त्याचं मूळ युद्धापूर्वीच्या बीएमडब्ल्यू 328 मध्ये. 1961 मध्ये ब्रिस्टलने ते बनवणं थांबवलं. त्याच वर्षी अमेरिकन शर्यतपटू कॅरोल शेल्बी यांनी एसीला पत्र लिहून तुमच्या गाडीत अमेरिकन व्ही-8 बसवाल का, असं विचारलं. फोर्डकडे तेव्हा पातळ भिंतींच्या ओतकामाचं नवं छोटं व्ही-8 होतं, आणि सगळं जुळलं ते त्या ओतकामामुळे. बिडाचं असूनही ते आटोपशीर आणि हलकं होतं. फेब्रुवारी 1962 मध्ये इंजिन नसलेला पहिला सांगाडा विमानाने लॉस एंजेलिसला पोचला आणि डीन मून यांच्या वर्कशॉपमध्ये काही तासांतच त्यात 260 घनइंचाचं इंजिन बसलं.

हा काही तासांचा किस्सा फार आवडीने सांगितला जातो. पण ते इतक्या लवकर झालं, कारण अवघड काम आधीच इंग्लंडमध्ये झालं होतं. तिथे सांगाड्यात फोर्डचं व्ही-8 बसवून पाहिलं होतं, रुंद इंजिनाला वाट देण्यासाठी स्टिअरिंग बॉक्स बाहेरच्या बाजूला सरकवला होता, मागे जास्त ताकदीचा डिफरन्शियल घातला होता. इंजिन गाडीत उतरवायला काही तासच लागतात. महिने जातात ते त्याच्या आजूबाजूची जागा मोकळी करण्यात. 1965 मध्ये 427 घनइंचाचं राक्षसी इंजिन आलं तेव्हा तर सांगाड्याच्या मुख्य नळ्या तीन इंचांवरून चार इंचांच्या करून सस्पेन्शनही नवं आखावं लागलं.

मला सगळ्यात जवळची वाटते ती सनबीम टायगरची गोष्ट. रूट्स कंपनीच्या अल्पाइन या छोट्या गाडीत व्ही-8 बसेल का, हे पाहायला कंपनीच्या अमेरिकेतल्या माणसांनी पट्टी घेऊन वेगवेगळ्या इंजिनांची मापं काढली. फोर्डचं 260 घनइंची इंजिन अल्पाइनच्या चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा साडेतीन इंचच लांब निघालं आणि त्यावर गाडीचं भवितव्य ठरलं. 1964 मध्ये टायगर आली. जुन्या स्टिअरिंग बॉक्सची जागा रॅक आणि पिनियनने घेतली. ऑइल फिल्टर मूळ जागी राहू शकला नाही, तो पाइप टाकून वर, दुसऱ्या बाजूला न्यावा लागला. एक स्पार्क प्लग काढता यावा म्हणून फायरवॉलला (इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या पत्र्याला) भोक पाडून त्यावर रबरी बूच बसवलं. गाड्या जेन्सनच्या कारखान्यात जुळवल्या जात. इंजिन आत सरकावं म्हणून तिथे रंगवून तयार असलेल्या फायरवॉलचा काही भाग घणाने ठोकून आत दाबत. कंपनीचा शिक्का असलेल्या, वॉरंटीसह विकल्या जाणाऱ्या गाडीत हे चालत होतं. घरच्या गॅरेजमध्ये पत्रा ठोकून जागा करणाऱ्याने स्वतःला कमी लेखू नये, असं मला त्यामुळे मनापासून वाटतं.

टायगरचा शेवटही जागेनेच झाला. रूट्सचा ताबा क्रायस्लरकडे गेल्यावर फोर्डचं इंजिन विकत राहणं शक्य नव्हतं. क्रायस्लरकडे स्वतःचं छोटं व्ही-8 होतं, पण ते आकाराने मोठं, आणि त्याचा डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा भाग) मागे, फायरवॉलकडे. फोर्डचा डिस्ट्रिब्युटर पुढे असल्याने तिथे अडचण येत नसे. मोठी कापाकापी केल्याशिवाय ते इंजिन बोनेटखाली मावेना, आणि 1967 मध्ये टायगर बंद पडली.

ब्रिटनमधल्या हौशी लोकांचं आवडतं इंजिन वेगळं होतं. ब्यूइकने 1961 ते 1963 या काळात 215 घनइंचाचं अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-8 बनवलं आणि मग सोडून दिलं. रोव्हर कंपनीचे विल्यम मार्टिन-हर्स्ट यांच्या ते अमेरिकेत एका बोटींच्या इंजिनांच्या कारखान्यात नजरेस पडलं आणि 1965 मध्ये रोव्हरने त्याचे हक्क घेतले. वजन साधारण 145 किलो, म्हणजे एमजीबी या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या बिडाच्या चार सिलिंडरच्या इंजिनाच्या आसपास. पुढचं वजन वाढत नसल्याने गाडीचा तोल टिकत होता. केन कॉस्टेलो यांनी 1970 च्या सुमारास ते एमजीबीत बसवून विकायला सुरुवात केली. पण रोव्हरचे कार्ब्युरेटर मॅनिफोल्डच्या माथ्यावर उंच उभे असायचे, म्हणून कॉस्टेलोंच्या गाड्यांच्या बोनेटवर फुगवटा आला. 1973 मध्ये कंपनीनेच एमजीबी जीटी व्ही-8 काढली, तेव्हा कार्ब्युरेटर इंजिनाच्या मागच्या बाजूला खाली घेऊन बोनेट सपाटच ठेवलं. एकाच अडचणीची ही दोन उत्तरं. मला कंपनीचं उत्तर देखणं वाटतं, पण वाट दाखवली ती फुगवट्याने. कंपनीच्या 2,591 गाड्या झाल्या. पुढे 1992 च्या एमजी आरव्ही-8 मध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्ड चाकाजवळच्या आतल्या पत्र्याला भोक पाडून बाहेर काढला, आणि तो मार्ग घरी इंजिन बदलणाऱ्यांनी लगेच उचलला. स्टिअरिंगच्या दांड्याभोवती नळ्या वळवत बसण्यापेक्षा ते कितीतरी सोपं पडतं.

हे भाग घडवण्याची हत्यारंही बदलत गेली. गॅस वेल्डिंगने जाड ब्रॅकेट जोडणं म्हणजे आजूबाजूचा पत्रा वाकणार हे नक्की. टंगस्टन कांडी आणि निष्क्रिय वायू वापरणारं टिग वेल्डिंग 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नॉर्थ्रॉपच्या विमान कारखान्यात मॅग्नेशियम जोडण्यासाठी तयार झालं. अ‍ॅल्युमिनियमचा ऑइल चेंबर कापून, उथळ करून पुन्हा तेलबंद जोडणं हे खऱ्या अर्थाने टिगमुळे आवाक्यात आलं. 1952 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात टेपवर नोंदलेल्या आकड्यांच्या आज्ञेवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं गेलं, पण त्याचा लाभ हौशी माणसापर्यंत यायला काही दशकं गेली. आता गाडीचा पुढचा भाग स्कॅन करतात, ब्रॅकेट आधी प्लास्टिकमध्ये छापून बसवून बघतात, आणि तो बसला की लेझरने पोलाद कापून घेतात. वितळलेल्या प्लास्टिकचे थर रचणाऱ्या छपाईचं मूळ पेटंट 2009 मध्ये संपलं आणि तेव्हापासून असे प्रिंटर घरात आले.

तरी पुठ्ठा सुटलेला नाही. इंजिन साखळीवर टांगून ठेवायचं, ओळंबा सोडून मध्यरेषा गाठायची, चेंबर आणि क्रॉसमेंबर (सांगाड्याची आडवी तुळई) यांच्यात बोटभर फट आहे ना बघायचं. बोनेट एकदा लावून बघायचं. मग इंजिनाच्या कानापासून सांगाड्यापर्यंतचा फर्मा पुठ्ठ्यावर कापायचा, तोच पोलादावर उतरवायचा. प्लेटा जागेवर फक्त टॅक (वेल्डिंगचे छोटे तात्पुरते टिपके) मारून ठेवायच्या, इंजिन काढून पुन्हा बसवून बघायचं आणि मगच पक्कं वेल्डिंग करायचं, तेही थोडं इकडे, थोडं तिकडे, म्हणजे उष्णतेने ब्रॅकेट ओढला जात नाही. फाउंडेशनचं रबर मध्ये हवंच. व्ही-8 जोरात रेटलं की इंजिन एका बाजूला कलतं. तो कल धरून चारी बाजूंना मोकळी जागा सोडली नाही, तर मॅनिफोल्ड स्टिअरिंगच्या दांड्याला घासतो.

इंजिन किती अंशांनी मागे झुकलंय हेही तेव्हाच ठरतं. गिअरबॉक्सची ताकद मागच्या अ‍ॅक्सलला नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (कोनात फिरू शकणाऱ्या सांध्यांचे) कोन सारखे आणि विरुद्ध हवेत, शक्यतो तीन अंशांच्या आत. क्रॉस कोनात फिरला की शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो, आणि दोन्ही कोन सारखे असले तरच एकाची चूक दुसरा पुसतो. नाहीतर ठराविक वेगाला गाडी थरथरते आणि माणूस चाकांचा बॅलन्स करत बसतो.

1997 च्या कॉर्व्हेटबरोबर जनरल मोटर्सचं एलएस-1 हे व्ही-8 आलं आणि तेव्हापासून बहुतेक लोक त्याच घराण्याकडे वळले. 5.7 लिटर, अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, आणि कॅमशाफ्ट एकच, तोही ब्लॉकच्या पोटात, त्यामुळे माथा अरुंद. त्याच्यासाठी फाउंडेशन, चेंबर, मॅनिफोल्ड असे संच कित्येक जुन्या गाड्यांकरता तयार मिळू लागले. संच पूर्ण बसतो असं मात्र कधीच होत नाही. आणि वायरिंग हा घडवायचा नवा भाग झाला.

कायद्यानेही या भागांना आकार दिला. कॅलिफोर्नियात प्रदूषण तपासणीखाली येणाऱ्या गाडीत बदली इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा नंतरचं लागतं, आणि त्याची प्रदूषण रोखणारी सगळी सामग्री सोबत बसवावी लागते. 1975 पर्यंतच्या गाड्या त्या तपासणीतून सुटतात. ब्रिटनमध्ये मोठे बदल केलेल्या गाडीची मूळ ओळख टिकायला कित्येक वर्षं आठ गुण लागत. सांगाड्याचे पाच, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांचे दोन-दोन, आणि इंजिनाचा फक्त एक. इंजिन बदलल्याने फारसं बिघडत नसे, सांगाडा कापला की पंचाईत. म्हणून शहाणे कारागीर नवं फाउंडेशन सांगाड्याच्या जुन्याच भोकांवर बोल्टने बसेल असं घडवत गेले.

विजेच्या मोटरींनी हाच विचार पुढे नेला. 2017 मध्ये जॅग्वारने आपल्या जुन्या ई-टाइपमध्ये बॅटरी आणि मोटर बसवून दाखवली. बॅटरीचा ठोकळा मूळ सहा सिलिंडरच्या इंजिनाच्या मापाचा आणि जवळपास त्याच वजनाचा, मोटर त्यामागे गिअरबॉक्सच्या जागी. सांगाड्याला हात लावावा लागला नाही. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा अशा गाड्यांना ऐतिहासिक मानत नाही. तरी ज्यांना बदल करायचाच आहे त्यांना ती सांगते, की तो उलटवता येईल असा करा आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग खूण करून जपून ठेवा. चांगल्या वर्कशॉपमध्ये आता काम सुरू होतं ते अशा जपलेल्या भागांच्या पेटीपासून. मूळ फाउंडेशन, मूळ बोल्ट, मूळ वॉशर, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली.