वृत्तसाहाय्यक, चीनमधील
चीनच्या मुख्य भूमीवर परकीय वृत्तमाध्यमांच्या कार्यालयांत काम करणारे चिनी नागरिक. चिनी नागरिकाला अशा माध्यमाचा अधिस्वीकृत वार्ताहर होता येत नाही. त्याला वृत्तसाहाय्यक म्हणूनच नेमता येते. हाँगकाँगला हे बंधन लागू नाही. भाषांतर, माहितीचा शोध, मुलाखती ठरवणे ही कामे त्याच्याकडे असतात. प्रत्यक्षात पुष्कळसे वार्तांकनही तोच करतो.

या व्यवस्थेचे मूळ शासनाने परदेशीयांना नेमून दिलेल्या दुभाष्यांच्या पद्धतीत असावे. १९७९ मध्ये अमेरिकेशी राजनैतिक संबंध प्रस्थापित झाल्यावर बीजिंगमधील पाश्चात्त्य कार्यालये वाढली आणि साधारणतः त्यानंतर तिचा विस्तार झाला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनिमित्त १ जानेवारी २००७ पासून तात्पुरते नियम लागू झाले. त्यांनुसार मुलाखतीसाठी मुलाखत देणाऱ्याची संमती पुरेशी ठरली. ही सवलत १७ ऑक्टोबर २००८ च्या नियमावलीने कायम केली. काहींच्या मते हे उदारीकरण होते. तथापि साहाय्यकाची नेमणूक परदेशीयांना सेवा पुरवणाऱ्या अधिकृत संस्थेमार्फतच करण्याची अट त्याच नियमावलीत राहिली आणि २००९ च्या आचारसंहितेने त्याला स्वतंत्र वार्तांकनास मनाई केली. त्यामुळे ही सवलत मुख्यतः परदेशी वार्ताहरांपुरती होती, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

जोखमीची विभागणीही अशीच विषम आहे. वार्ताहराला व्हिसा गमवावा लागतो, साहाय्यकाला तुरुंगवास घडू शकतो. चीनचे माजी राष्ट्राध्यक्ष जियांग झेमिन लष्करी आयोगाचे अध्यक्षपद सोडणार, असे वृत्त न्यूयॉर्क टाइम्सने सप्टेंबर २००४ मध्ये दिले; त्याच महिन्यात त्या वृत्तपत्राचे साहाय्यक झाओ यान यांना अटक झाली. हे वृत्त त्यांच्याकडून मिळालेले नाही, असे वृत्तपत्राने वारंवार सांगितले. राज्यगुपिते फोडल्याचा आरोप मार्च २००६ मध्ये मागे घेतल्यावरही त्यांची सुटका झाली नाही; तो पुन्हा ठेवण्यात आला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने हा आरोप पुराव्याअभावी अमान्य केला, मात्र फसवणुकीच्या वेगळ्या आरोपाखाली तीन वर्षांची शिक्षा दिली. सप्टेंबर २००७ मध्ये ते सुटले. जर्मन साप्ताहिक दी त्साइटच्या साहाय्यक झांग म्याओ ऑक्टोबर २०१४ पासून सुमारे नऊ महिने अटकेत होत्या.

मार्च २०२० मध्ये चीनने तीन अमेरिकी वृत्तपत्रांच्या वार्ताहरांना देशाबाहेर घालवले, तेव्हा काही साहाय्यकांची परवानगीही रद्द झाली. ब्लूमबर्ग या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या साहाय्यक हेझ फॅन यांना डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय सुरक्षेस बाधा आणल्याच्या संशयावरून ताब्यात घेण्यात आले. जानेवारी २०२२ मध्ये त्यांना जामीन मिळाला, परंतु हे वृत्त त्याच वर्षी जूनमध्ये बाहेर आले.