थापट्या आणि भुवई बदक

थापट्या म्हणजे इंग्रजीत शॉव्हेलर आणि भुवई बदक म्हणजे गार्गनी. दोन्ही हिवाळी पाहुणी बदकं, ठाणे खाडी आणि नवी मुंबई-उरणकडच्या पाणथळ जागांवर दिसतात. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये दोघांना अनास या वंशात (जवळच्या जातींच्या गटात) धरलं होतं, पण २००९ च्या डीएनए अभ्यासानंतर दोघं स्पॅटुला वंशात गेली, म्हणजे दिसायला कितीही वेगळी असली तरी नातं जवळचं.

थापट्याची चोच गवंड्याच्या थापीसारखी, टोकाला पसरट, आणि तिच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. पाणी आत घ्यायचं, दात्यांतून बाहेर सोडायचं, आत राहिलेले बारीक जीव आणि बिया खायच्या. कधीकधी पाच-दहा थापटे एकामागे एक गोल गोल फिरत पाणी ढवळतात, ते बघत राहावं असं असतं. नराचं डोकं हिरवं, छाती पांढरी, कुशी तांबूस. भुवई बदक त्यापेक्षा लहान, साधारण ३७ ते ४१ सेंमी (थापट्या ४४ ते ५२), चोच साधी, आणि नराच्या तपकिरी डोक्यावर डोळ्यावरून मानेपर्यंत ठसठशीत पांढरी भुवई.

पण खरी अडचण सुरुवातीला होते, कारण भुवई बदकं खूप लवकर येतात आणि तेव्हा नर मादीसारखेच मळकट तपकिरी असतात, त्यांचा पूर्ण रंग यायला हिवाळा सरत येतो. भुवई शोधत बसलात तर हाती काही लागत नाही. अशा वेळी उडताना पंख बघा. दोन्ही जातींच्या नरांचा पंखाचा पुढचा भाग फिकट निळा-राखाडी असतो, थापट्याचा जास्त निळा, आणि माझ्या मते हीच घराण्याची खूण आहे. माद्यांमध्ये मात्र चोच बघायची, थापट्याची मादी चोचीवरून लगेच कळते, भुवई बदकाच्या मादीच्या चेहऱ्यावर गडद-फिकट पट्टे असतात आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका.

ऐरोलीहून बोटीने जाणारे बहुतेक जण फ्लेमिंगोच बघतात, २०१५ मध्ये अभयारण्यही त्यांच्याच नावाने झालं, पण ओहोटीला चिखलाच्या कडेला बसलेली बदकंही बघाच. परतीच्या आधी भुवई बदकाचा नर कोरडा कर्रर्र आवाज काढतो, कंगव्यावरून नख ओढल्यासारखा.