पूर्व जेरुसलेममधल्या पॅलेस्टिनींना इस्रायली नागरिकत्व: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची वाट

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करू. पूर्व जेरुसलेममध्ये राहणाऱ्या बहुतेक पॅलेस्टिनींकडे निळ्या पाकिटातलं इस्रायली ओळखपत्र असतं. तिथे त्याला ‘हविय्या’ म्हणतात. ते पाहून अनेकांचा समज होतो की ही माणसं इस्रायलची नागरिक आहेत. तसं नाही. ते ओळखपत्र कायम रहिवाशाचं आहे. हा रहिवासी कर भरतो, राष्ट्रीय विम्याचे पैसे भरतो, आरोग्य निधीचा सभासद असतो आणि महापालिकेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. संसदेच्या, म्हणजे क्नेसेटच्या, निवडणुकीत मात्र त्याला मत नाही, आणि इस्रायली पासपोर्टही नाही. परदेशी जायचं तर इस्रायलचं प्रवासपत्र काढायचं, नाहीतर जॉर्डनचा तात्पुरता पासपोर्ट वापरायचा. त्या पासपोर्टवर राष्ट्रीय क्रमांक नसतो, त्यामुळे जॉर्डनमध्येही तो पूर्ण नागरिक ठरत नाही.

जून १९६७ च्या युद्धानंतर इस्रायलने पूर्व जेरुसलेम आणि भोवतालची गावं मिळून सुमारे ७० चौरस किलोमीटर भागाला आपला कायदा लागू केला आणि जनगणना घेतली. मोजणीच्या वेळी हजर असलेले सुमारे ६६,००० लोक कायम रहिवासी ठरले. शिक्षणासाठी किंवा कामासाठी बाहेर असलेले सुटून गेले ते गेलेच. पुढे १९८८ मध्ये पॅलेस्टिनी कार्यकर्ते मुबारक अवाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा दर्जा १९५२ च्या इस्रायल प्रवेश कायद्याखालचा आहे. तो कायदा बाहेरून येणाऱ्या परक्यांसाठी केलेला. ही माणसं तर कुठूनही आलेली नव्हती, आजोबांनी बांधलेल्या घरातच होती. पुढची सगळी प्रक्रिया समजून घ्यायची तर ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

परक्याचा दर्जा असल्यामुळे तो जातोही. १९७४ च्या नियमांनुसार सात वर्षं बाहेर राहिलात, किंवा दुसऱ्या देशाचं नागरिकत्व वा कायम वास्तव्य घेतलंत, तर रहिवास संपतो. १९९५ पासून प्रशासनाने ‘जीवनाचं केंद्र’ ही कसोटी कडक केली: तुमचं घर, नोकरी, मुलांची शाळा शहराच्या हद्दीत आहे हे तुम्हीच सिद्ध करायचं. १९६७ पासून आजवर १४,००० हून अधिक लोकांचा रहिवास असा रद्द झाला आहे. वेस्ट बँकमधलं रामल्ला शहर इथून जेमतेम पंधरा किलोमीटरवर, पण घरभाडं परवडत नाही म्हणून तिकडे राहायला गेलेला माणूस आपल्या जन्मगावाचा हक्क गमावू शकतो. २०१८ पासून ‘निष्ठाभंग’ हेही रद्द करण्याचं कारण झालं. नागरिकत्वाच्या अर्जाकडे वळणाऱ्या अनेकांना या भीतीनेच तिकडे ढकललेलं असतं.

पात्रता

अर्ज १९५२ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ खाली करतात. अर्जदार सज्ञान हवा, अर्जाच्या वेळी इस्रायलमध्ये हवा, आणि आधीच्या पाच वर्षांपैकी तीन वर्षं तिथे राहिलेला हवा. त्याच्याकडे कायम वास्तव्याचा हक्क हवा, आणि तो तिथे स्थायिक झालेला किंवा होऊ इच्छिणारा असावा. त्याला थोडीफार हिब्रू यायला हवी. शिवाय आधीचं नागरिकत्व असेल तर ते सोडलेलं, किंवा इस्रायली झाल्यावर सुटेल असं दाखवलेलं हवं.

एवढं सगळं जुळलं तरी नागरिकत्व मिळेलच असं नाही, आणि मेख इथेच आहे. कायदा म्हणतो की गृहमंत्र्यांना योग्य वाटल्यास ते नागरिकत्व देतील. म्हणजे अटी पुऱ्या करणाऱ्याला मागण्याचा अधिकार मिळतो, मिळण्याचा नाही.

तरुणांसाठी एक वेगळी आणि कमी माहिती असलेली वाट आहे, ती म्हणजे कलम ४अ. इस्रायलच्या कायद्याखालच्या भागात जन्मलेल्या आणि आजवर कोणत्याही देशाचं नागरिकत्व नसलेल्या व्यक्तीला अठराव्या आणि एकविसाव्या वाढदिवसाच्या दरम्यान यातून अर्ज करता येतो. आधीची सलग पाच वर्षं तिथे राहिलेलं असावं, सुरक्षेसंबंधी गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी, तसंच पाच वर्षं वा अधिक तुरुंगवासाची शिक्षाही झालेली नसावी. या कलमात हिब्रूची अट नाही. कठीण भाग म्हणजे ‘मला कधीच कुठलं नागरिकत्व नव्हतं’ हे दाखवणं. जे नव्हतंच, त्याचा कागद कुठून आणायचा? एकविसावा वाढदिवस उलटला की ही वाट बंद होते, आणि मुलाला हे कळेपर्यंत बहुधा तो उलटून गेलेला असतो.

कागदपत्रे

अर्ज लोकसंख्या व स्थलांतर प्राधिकरणाकडे जातो. पूर्व जेरुसलेमसाठीचं त्यांचं कार्यालय वादी अल-जोझ भागात आहे. ओळखपत्र, जन्मदाखला, विवाहाचा आणि मुलांचा दाखला, फोटो, शुल्काची पावती हे झालं नेहमीचं. खरं ओझं जीवनाच्या केंद्राच्या पुराव्यांचं: घराची मालकी किंवा भाडेकरार, अनेक वर्षांच्या घरपट्टीच्या (तिकडे ‘अर्नोना’) पावत्या, वीज-पाण्याची बिलं, पगारपत्रकं, राष्ट्रीय विम्याची नोंद, मुलांच्या शाळेचे दाखले, आणि वकिलासमोर केलेलं प्रतिज्ञापत्र. जॉर्डनच्या नागरिकत्वाबाबतचा कागद वेगळाच.

म्हणून तिथल्या घरांतून जुनी बिलं कोणी टाकत नाही. एकत्र कुटुंबात घर वडिलांच्या किंवा काकांच्या नावावर असतं आणि बिलं त्यांच्याच नावाने येतात, त्यामुळे मुलाला स्वतःचा पत्ता सिद्ध करताना नाकीनऊ येतात. बांधकाम परवाने मिळणं दुर्मीळ असल्याने अनेक घरं विनापरवाना आहेत, त्यांच्या कागदांची तर आणखी फरफट. काफ्र अकाब आणि शुआफात छावणी हे भाग महापालिकेच्या हद्दीत आहेत, पण इस्रायलने उभारलेल्या विभाजन भिंतीच्या पलीकडे. तिथली कुटुंबं अर्नोना नियमाने भरतात. पालिकेच्या सेवा त्यांच्यापर्यंत धड पोचत नाहीत, पण ती पावती हातची जाऊ द्यायला कोणी तयार नसतं.

अर्जानंतर मुलाखत, हिब्रूची परीक्षा आणि सुरक्षा यंत्रणांची छाननी होते. निकालाला कित्येकदा वर्षं लागतात. नकार आला तर अपील करता येतं. मंजुरी मिळाली तर शेवटी शपथ: ‘मी इस्रायल राज्याचा निष्ठावान नागरिक राहीन असं जाहीर करतो.’

दुसरं दार

मराठी वाचकांच्या ओळखीचं एक उदाहरण इथे घ्यायला हवं. रायगडातल्या शनिवार तेल्यांची, म्हणजे बेने इस्रायल समाजाची, कितीतरी कुटुंबं १९४८ नंतर इस्रायलला गेली. अश्दोद, दिमोना, लोदमध्ये आजही मराठी ऐकू येते. ती गेली ५ जुलै १९५० च्या परतीच्या कायद्याने. त्यात प्रत्येक ज्यूला इस्रायलमध्ये येऊन वसण्याचा हक्क आहे, आणि १९७० च्या दुरुस्तीने ज्यूंची मुलं, नातवंडं आणि त्यांचे जोडीदारही त्यात आले. ज्यू असल्याचा पुरावा, जन्मदाखला, पोलिसांचा दाखला एवढं पुरतं. तीन वर्षांच्या वास्तव्याची अट नाही, हिब्रूची नाही, जुनं नागरिकत्व सोडण्याचीही इस्रायलकडून नाही. मंत्री नकार देऊ शकतात, पण गुन्हेगारी पूर्वेतिहास किंवा सार्वजनिक आरोग्य, सुरक्षा अशा मोजक्याच कारणांनी. बेने इस्रायलींनाही विवाहाच्या बाबतीत धर्मपीठाच्या संशयाला तोंड द्यावं लागलं होतं. त्यांच्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये क्नेसेटने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं.

परतीचा कायदा झाला तेव्हा युरोपात साठ लाख ज्यू मारले गेले त्याला पाचच वर्षं झाली होती. त्या दाराची गरज मला मनापासून पटते. पण शेजारच्या दाराशी, तीन पिढ्या त्याच गल्लीत राहिलेल्या बाईला वीजबिलं घेऊन उभं करणं मला पटत नाही. तिच्या आजोबांकडे एकेकाळी नागरिकत्व होतं: १९२५ च्या ब्रिटिश आदेशाने दिलेलं पॅलेस्टिनी नागरिकत्व. १९५२ च्या कायद्याने तो आदेश इस्रायलच्या स्थापनेच्या तारखेपासून रद्द केला.

मग सगळे अर्ज का करत नाहीत?

पूर्व जेरुसलेमच्या पॅलेस्टिनींपैकी साधारण पाच टक्क्यांकडेच इस्रायली नागरिकत्व आहे. प्रक्रिया किचकट आहे हे अर्धंच कारण. शपथ घेणं म्हणजे १९६७ चा ताबा मान्य करणं, असं असंख्य लोक मानतात. त्यांना पासपोर्ट हवा आहे, पण स्वतःच्या राज्याचा. १९९६, २००५ आणि २००६ मध्ये त्यांनी पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या निवडणुकीत शहरातल्या टपाल कचेऱ्यांमधून मतंही दिली. दुसरीकडे १९ जुलै २०१८ रोजी ६२ विरुद्ध ५५ मतांनी मंजूर झालेला मूलभूत कायदा सांगतो की इस्रायल राज्यात राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त ज्यू लोकांचा आहे. म्हणजे अर्ज मंजूर झालेला पॅलेस्टिनी मतदार होतो, पण स्वयंनिर्णयाचा वाटेकरी होत नाही. अर्ज करणाऱ्यांना मी दोष देत नाही. घर सुटू नये म्हणून माणूस सही करतो, आणि त्या सहीतून त्याचं राजकारण वाचणं अन्यायाचं आहे.

नागरिकत्व मिळाल्यावर

क्नेसेटसाठी मत आणि पासपोर्ट मिळतो, शहराबाहेर राहायला गेल्यामुळे दर्जा जाण्याची टांगती तलवार उतरते. तरी फेब्रुवारी २०२३ च्या कायद्याने दहशतवादाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या आणि त्यापोटी पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडून पैसे घेणाऱ्यांचं नागरिकत्वही काढता येतं.

जोडीदाराचं काय, हे लग्न ठरवण्याआधी माहीत असायला हवं. वेस्ट बँक किंवा गाझातल्या जोडीदाराला इस्रायलमध्ये दर्जा देण्यावर २००३ च्या ‘तात्पुरत्या’ कायद्याने बंदी घातली. तो जुलै २०२१ मध्ये संपला आणि मार्च २०२२ मध्ये पुन्हा मंजूर झाला. ही बंदी रहिवाशालाही लागू आहे आणि नागरिकालाही. वेस्ट बँकमधला नवरा पस्तिशीच्या पुढचा किंवा तिथली बायको पंचविशीच्या पुढची असेल तर वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. परवाना ठरावीक मुदतीचा असतो, आणि प्रत्येक नूतनीकरणाला जीवनाच्या केंद्राचे पुरावे पुन्हा जोडावे लागतात. तेव्हा नागरिकत्वाचा कागद हाती आला तरी बिलांची फाईल जपून ठेवा.