पन्नास हर्ट्झचा मांडव, साठ हर्ट्झचा फोन

मंगल कार्यालयात फोनवर काढलेल्या व्हिडिओत काळसर आडवे पट्टे सरकत राहतात, ही बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यातली जुनी तक्रार. दुसरी तक्रार अलीकडची: फोन १२० हर्ट्झचा आहे, तरी व्हिडिओ अडखळतो. दोन्हींवर सुचवले जाणारे उपाय म्हणजे फोन रीसेट करा, लेन्स पुसा, नवा हँडसेट घ्या. त्यांनी काही होत नाही, कारण बिघाड बहुधा फोनमध्ये नसतोच. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्यांची, आणि फोनचा कॅमेरा-पडदा ३० व ६० च्या हिशेबावर बेतलेला. हे दोन हिशेब वेगळे कसे झाले, ते शंभर वर्षे मागे गेल्याशिवाय कळत नाही.

मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी स्वतः घडवलेला कॅमेरा त्याच काळातला. नाममात्र वेग सेकंदाला १६ फ्रेमचा, म्हणजे मिनिटाला ६० फूट फिल्म. प्रत्यक्षात ज्याचा जसा हात तसा वेग. १९२० च्या दशकाच्या अखेरीस आवाज फिल्मच्या कडेवरच छापला जाऊ लागला आणि हा सैलपणा परवडेना, कारण वेग हलला की गायकाची पट्टी हलणार. मग २४ फ्रेम, मिनिटाला ९० फूट, हा वेग पक्का झाला. आवाज बऱ्यापैकी स्वच्छ उमटायचा आणि फिल्मचा खर्चही आवाक्यात राहायचा. पण सेकंदाला २४ वेळाच उजेड पडला तर पडदा लुकलुकतो. म्हणून प्रोजेक्टरच्या शटरला दोन पाती बसवली आणि एकच फ्रेम दोनदा दाखवली: चित्रे २४, उजेडाचे झोत ४८. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रे) आणि रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा उजळतो) हे दोन वेगळे आकडे आहेत, हे तिथूनच सुरू होते. फोन घेताना दोन्ही एकच धरले जातात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो.

टीव्हीने आपला आकडा विजेकडून घेतला. अमेरिकेत ६० हर्ट्झची वीज रुजली, युरोपात ५० ची. सुरुवातीच्या टीव्हीत वीजपुरवठ्याचा गुणगुणाट चित्रात शिरायचा. चित्राचा वेग विजेशी जुळलेला नसला तर पडद्यावर पट्टे फिरायचे. म्हणून अमेरिकेने सेकंदाला ६० अर्धचित्रे (फ्रेमच्या एकाआड एक ओळी) म्हणजे ३० फ्रेम घेतल्या, युरोपने ५० अर्धचित्रे म्हणजे २५. रंग आले तेव्हा, १९५३ साली, अमेरिकेने ३० चे २९.९७ केले, रंगाचा आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांत मिसळून चित्रात जाळी दिसू नये म्हणून. तो आकडा आजही फोनच्या फाइलींत सापडतो. भारताची वीज ५० ची, त्यामुळे दूरदर्शनही २५ फ्रेमचे. दिल्लीत १९५९, मुंबईत १९७२, रंगीत १९८२, आणि सगळीकडे हाच हिशेब.

सीमाभागापुरती एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. २०१३ च्या अखेरपर्यंत कर्नाटक दक्षिण ग्रिडमध्ये, म्हणजे दक्षिणेच्या वीजजाळ्यात, होता आणि महाराष्ट्र उरलेल्या देशाच्या ग्रिडमध्ये. दोन्ही ५० हर्ट्झच्या, पण एका तालात नव्हत्या. कोगनोळी नाका ओलांडून निपाणीहून कागलला गेले की विजेचा ठोका किंचित वेगळा लागायचा. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही लाइनने दोन्ही ग्रिड एका ठोक्यावर आल्या. पुढे ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ ही मर्यादा ठरवून दिली गेली. त्यामुळे कर्नाटकातल्या हेस्कॉमची वीज असो की महाराष्ट्रातल्या महावितरणची, कॅमेऱ्यासाठी आज ती एकच धरायची. त्या जुन्या दिवसांत वारंवारता ४९.२ वर उतरली की दिव्यांची लुकलुक ९८.४ वर यायची आणि २५ फ्रेमच्या कॅमेऱ्यातही सेकंदाला दीडेक वेळा एक पुसट पट्टा सरकून जायचा.

लग्नाच्या जुन्या कॅसेटींत मात्र हे पट्टे सहसा दिसत नाहीत. खांद्यावरचे व्हीएचएस कॅमेरे आणि नंतरचे मिनीडीव्ही हे आपल्याकडे पाल पद्धतीचे, म्हणजे २५ फ्रेम आणि ५० अर्धचित्रांचे. शटर, म्हणजे एका चित्रासाठी उजेड घेण्याचा वेळ, आपोआपच १/५० सेकंद. वर शूटिंगवाल्याच्या साहाय्यकाच्या हातात हॅलोजन. हॅलोजनच्या तारेला विजेच्या दोन ठोक्यांमध्ये थंड होण्याइतका वेळच नसतो, त्यामुळे उजेड जवळजवळ सलग राहतो. नवरानवरी घामाघूम व्हायची, पण चित्र स्थिर यायचे. पुढे हॅलोजनच्या जागी एलईडी आले आणि कॅमेऱ्याच्या जागी फोन. जुळलेल्या दोन्ही गोष्टी एकदम गेल्या.

फोनने ३० फ्रेम हाच आकडा उचलला. आयफोनवर व्हिडिओ २००९ च्या थ्रीजीएसपासून आला, ६४० बाय ४८०, सेकंदाला ३० फ्रेम. अँड्रॉइडचेही तेच. भारतासाठी वेगळे २५ सहसा आपोआप लागत नाही. हिशेब इथे बिघडतो. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, म्हणजे दर १० मिलिसेकंदाला एकदा. शटर १/६० असले तर प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंद उजेड गोळा करते: एक पूर्ण लुकलुक आणि दुसरीचा दोनतृतीयांश तुकडा. तो तुकडा कधी उजेडाचा येतो, कधी अंधाराचा. त्यात फोनचा सेन्सर सगळे चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. म्हणून एकाच फ्रेमच्या काही ओळी उजळ आणि काही काळसर येतात. तोच पट्टा. शटर १/५० किंवा १/१०० केले की प्रत्येक ओळीला पूर्ण दोन किंवा पूर्ण एक लुकलुक मिळते, तुकडा उरत नाही आणि पट्टा जातो. फ्रेम रेट ३० च ठेवला तरी चालतो, हे अनेकांना पटत नाही. पण पट्टा शटरने ठरतो.

शटर बदलायचे कुठे? काही फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘अँटीबँडिंग’ असते. ते ‘ऑटो’वर न ठेवता ५० हर्ट्झवर ठेवा. प्रो व्हिडिओ मोड असेल तर शटर हाताने १/५० वर आणा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू केले की २५ फ्रेमचे पर्याय दिसतात. शटर मात्र मूळ ॲपमध्ये हाती येत नाही. त्यासाठी ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखे मोफत ॲप घ्यावे.

१/१०० ठेवूनही पट्टा राहिला तर मांडवाभोवतीच्या दिव्यांच्या माळा बघा. स्वस्त माळांत विजेचा अर्धाच भाग वापरला जातो, त्यामुळे त्या सेकंदाला १०० ऐवजी ५० वेळा विझतात. १/१०० मध्ये त्यांचा अर्धाच फेरा येतो. इथे १/५० हाच उपाय. आणि ६० फ्रेमवर १/५० बसत नाही, कारण एका फ्रेमला मिळणारा वेळच १६.७ मिलिसेकंद. म्हणून माळा लावलेल्या मांडवात ३० फ्रेम आणि १/५० हे आमचे ठाम मत आहे. उजेडही १/१०० च्या दुप्पट मिळतो.

स्लो मोशनला यातले काहीच लागू पडत नाही. आयफोनमध्ये १२० फ्रेम २०१३ ला आले, २४० फ्रेम २०१४ ला. २४० फ्रेमला शटर जास्तीत जास्त १/२४०, म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या आसपास. १० मिलिसेकंदांची लुकलुक त्यात मावणारच नाही. ३० फ्रेमवर चालवले की दिवा सेकंदाला साडेबारा वेळा मिचकतो. अक्षता पडतानाचा स्लो मोशन हवा तर खिडकीचा किंवा अंगणातला दिवसाचा उजेड घ्या, नाहीतर बॅटरीवरचा चांगला व्हिडिओ लाइट. याच दोषाचा उपयोगही होतो. हॉल ठरवताना दिव्याकडे फोन धरून २४० फ्रेमवर पाच सेकंद टिपा. जो दिवा मिचकताना दिसेल तो लग्नातही त्रास देणार. चोकवाल्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी बल्ब बहुतेक यात सापडतात. चांगला ड्रायव्हर (एलईडीला सलग वीज देणारे सर्किट) असलेला दिवा स्थिर राहतो.

बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गणेश विसर्जनाची रात्र ही वेगळीच परीक्षा. तिथे दिवे जनरेटरवर. चार पोलांचा जनरेटर मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ५० हर्ट्झ देतो, पण भार कमी झाला की इंजिनाचा वेग सांभाळणारा साधा गव्हर्नर वेग थोडा चढू देतो. ५१.५ हर्ट्झ झाले तर लुकलुक १०३ ची होते. २५ फ्रेमला सेकंदाला तीन वेळा फिका पट्टा सरकतो. शटर सतत बदलता येणाऱ्या ॲपमध्ये १/५१ किंवा १/५२ करून तो घालवता येतो. चित्ररथावर एलईडी भिंत असेल तर तिच्या रेघा विजेच्या नसतात, भिंतीच्या स्वतःच्या रिफ्रेशच्या असतात. भाड्याने घेताना ३८४० हर्ट्झचे पॅनेल मागा. १९२० च्या पॅनेलवर जलद शटरला रेघा लवकर येतात.

आता पडद्याकडे. ६० हर्ट्झ हा आकडा अमेरिकन टीव्हीतून संगणकाच्या मॉनिटरवर आणि तिथून फोनवर आला. २०१२ च्या अँड्रॉइड ४.१ मध्ये सगळे चित्रांकन पडद्याच्या ठोक्याशी बांधले गेले, दर १६.७ मिलिसेकंदाला एक फ्रेम. २०१५ मध्ये जपानमध्ये शार्पने १२० हर्ट्झचे फोन आणले, २०१७ मध्ये रेझरने, २०१९ मध्ये वनप्लस ७ प्रो ९० हर्ट्झवर आला, २०२० मध्ये गॅलेक्सी एस२० १२० वर. पुढे गरजेप्रमाणे वेग कमीजास्त करणारे पडदे आले.

व्हिडिओला मात्र भागाकार हवा. ३० फ्रेम ६० वर दोन-दोन ठोके, १२० वर चार-चार, सुरळीत. २४ फ्रेम १२० वर पाच-पाच, तेही सुरळीत. ६० वर मात्र दोन-तीन, दोन-तीन. २५ फ्रेमची लग्नाची जुनी सीडी ६० हर्ट्झवर दोन, दोन, तीन, दोन, तीन अशी पडते: काही फ्रेम ३३ मिलिसेकंद थांबतात, काही ५०. कॅमेरा आडवा फिरला की झटका दिसतो. १२० वर हीच फाइल पाच-पाच-पाच-पाच-चार होते आणि फरक जवळजवळ जाणवत नाही. सर्वात वाईट जोडी ६० फ्रेम आणि ९० हर्ट्झची, एक-दोन, एक-दोन. असा झटका आला तर पडदा ६० वर उतरवून पाहावा.

पडदा खरोखर किती वर चालतो ते आधी बघा. अँड्रॉइडमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केले की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात ‘शो रिफ्रेश रेट’ चालू करा. बॅटरी सेव्हर चालू असेल तर आकडा ६० वरच अडकतो. आयफोनवर लो पॉवर मोडचे तसेच, शिवाय ॲक्सेसिबिलिटीतले ‘लिमिट फ्रेम रेट’ तपासा. अथणीच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात फोन तापला तरी वेग उतरतो. कव्हर काढून सावलीत ठेवा आणि पुन्हा बघा. यूट्यूबवर अडखळत असेल तर ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’मध्ये ड्रॉप्ड फ्रेम वाढतात का पाहा. वाढत असतील तर डिकोडर (व्हिडिओ उलगडणारा भाग) दमतो आहे, ७२०पी वर उतरा. वाढत नसतील तर वरचा भागाकार तपासा.

एडिटिंगला बसणाऱ्यांची अडचण तिसरीच. फोनचा फ्रेम रेट स्थिर नसतो. अंधार पडला की तो स्वतःहून ३० वरून २४ किंवा खाली येतो, आवाज मात्र आपल्या गतीने चालतो. एडिटिंग सॉफ्टवेअर सरासरी धरते आणि मंगलाष्टके ओठांच्या पुढेमागे जातात. आयफोनमध्ये ‘ऑटो एफपीएस’ बंद करा. फाइल आधीच हातात असेल तर मीडियाइन्फो या प्रोग्रॅममध्ये उघडा. फ्रेम रेट मोड ‘व्हेरिएबल’ दिसला तर हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ठरावीक आकडा निवडून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ लावा आणि मगच टाइमलाइनवर घ्या. २९.९७ आणि ३० एकत्र केले तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो, तेव्हा लांब कार्यक्रमात सगळ्या फाइली एकाच आकड्यावर आणा. मुख्य कॅमेरा २५ चा असेल तर फोनही २५ वर ठेवावा. ३० ची फाइल २५ वर टाकली की दर सहा फ्रेममागे एक गळते आणि सेकंदाला पाच झटके बसतात. बोलणे नसलेला ३० चा तुकडा ८३.३३ टक्के वेगाने टाकला तर एकही फ्रेम गळत नाही. ६० चा तुकडा ४१.६७ टक्के वेगाने टाकला की स्वच्छ स्लो मोशन मिळतो. आणि नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी पोचते.