दहाव्या सामन्याआधीचा निर्णय : एनएचएलसाठी तरुण खेळाडू ‘तयार’ कधी मानला जातो?

ऑक्टोबर संपत आला की कॅनडा आणि अमेरिकेतल्या हॉकीच्या चर्चांमध्ये नऊ हा आकडा हमखास ऐकू येतो. तिथे नुसते हॉकी म्हटले की बर्फावरची हॉकी, आणि तिची सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग, अर्थात एनएचएल. जूनअखेरच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, एखाद्या संघाने घेतलेला अठरा वर्षांचा मुलगा शरद ऋतूतल्या सराव शिबिरात चमकतो, मुख्य संघात येतो आणि खेळू लागतो. त्याचे नऊ सामने झाले की संघाच्या जनरल मॅनेजरला निर्णय टाळता येत नाही. दहाव्या सामन्यात त्याने बर्फावर पाऊल ठेवले, तर त्याच्या तीन वर्षांच्या पहिल्या कराराचे एक वर्ष खर्ची पडते. त्याआधीच त्याला ज्युनिअर, म्हणजे साधारण विशीपर्यंतच्या मुलांच्या, संघात परत पाठवले, तर तो करार वर्षभर पुढे सरकतो. मुलगा तयार आहे का, हा प्रश्न दिसायला खेळाचा आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्याचे उत्तर बहुतेक वेळा करारांनी, न्यायालयांनी आणि दिनदर्शिकेने दिलेले आढळते, आणि आजचा वाद समजून घ्यायचा तर तो इतिहास माहीत असणे आवश्यक आहे.

एनएचएलची स्थापना १९१७ साली मॉन्ट्रिअलमध्ये झाली. पहिली कित्येक दशके वयाचा मुद्दा कोणी फारसा काढला नाही. दुसऱ्या महायुद्धात खेळाडू सैन्यात गेल्यामुळे संघ ओस पडले, तेव्हा नोव्हेंबर १९४२ मध्ये बेप गिडोलिन हा अवघ्या १६ वर्षांचा मुलगा बॉस्टन ब्रुइन्सकडून खेळला. लीगमधला सर्वांत लहान खेळाडू म्हणून आजही त्याचेच नाव घेतले जाते. मात्र तो अपवाद होता आणि त्याचे कारण युद्ध होते. एरवी त्या काळातल्या सहा संघांची पद्धत वेगळी होती. प्रत्येक संघ गावोगावच्या ज्युनिअर क्लबांना पैसे पुरवी आणि त्या बदल्यात तिथल्या मुलांवर हक्क मिळवी. या हक्काचे सर्वांत कडक रूप म्हणजे ‘सी फॉर्म’. त्यावर सही झाली की मुलाचे व्यावसायिक भवितव्य एका संघाशी बांधले जाई, आणि मुलगा अल्पवयीन असल्यामुळे सही आईवडिलांचीही लागे.

बॉबी ऑर हे या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. आँटारिओतल्या पॅरी साउंड या छोट्या गावातल्या या मुलाने १९६२ साली ब्रुइन्सचा सी फॉर्म स्वीकारला तेव्हा त्याचे वय १४ वर्षे होते. मोबदल्यात थोडी रक्कम ठरली, आणि घराच्या बाहेरच्या भिंतींना नवा गिलावा करून देण्याचे कबूल झाले. पहिल्या वर्षी आईने त्याला परगावी राहायला पाठवण्यास नकार दिला, त्यामुळे ओशावा जनरल्सच्या सामन्यांसाठी तो घरून ये-जा करत असे. इतके गुण अंगी असूनही एनएचएलमध्ये तो १९६६ साली आला, अठरा वर्षांचा झाल्यावर, आणि पहिल्याच मोसमात सर्वोत्तम नवोदित ठरला. चौदाव्या वर्षी बांधून घेतलेल्या या मुलाला चार वर्षे मोठ्यांच्या खेळापासून दूर ठेवले गेले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ती पद्धत अन्यायकारक होती यात शंका नाही. पण मुलावर हक्क मिळवणे आणि त्याला मैदानात उतरवणे हे दोन वेगळे निर्णय आहेत, ही समज त्या काळातही होती.

पहिली निवड ५ जून १९६३ रोजी मॉन्ट्रिअलच्या क्वीन एलिझाबेथ हॉटेलात झाली. त्या दिवशी एकूण २१ मुले निवडली गेली. पहिला क्रमांक मिळालेला गॅरी मोनाहन १६ वर्षांचा होता. चांगली मुले आधीच कुठल्या ना कुठल्या संघाशी बांधलेली असल्याने उरलेल्यांतूनच ही निवड होत होती. क्लबांना पोसण्याची पद्धत बंद झाल्यावर, १९६९ पासून, निवड खऱ्या अर्थाने सर्वांसाठी खुली झाली आणि पात्रतेचे वय २० ठरले. ज्युनिअर संघांना ते सोयीचे होते. त्यांचे सर्वांत चांगले खेळाडू विसाव्या वर्षापर्यंत त्यांच्याकडेच राहत आणि प्रेक्षक त्यांच्यासाठीच तिकिटे काढत.

ही घडी मोडली ती १९७२ साली सुरू झालेल्या वर्ल्ड हॉकी असोसिएशनमुळे. या प्रतिस्पर्धी लीगला खेळाडू हवे होते आणि वीस वर्षांचा नियम पाळण्याचे तिच्यावर बंधन नव्हते. १९७३ साली ह्यूस्टन एरोज संघाने मार्क आणि मार्टी होव या भावांना कोवळ्या वयातच करारबद्ध केले, आणि त्यांच्यासोबत खेळायला त्यांचे निवृत्त वडील गॉर्डी होव वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा मैदानात उतरले. एनएचएलने १९७४ साली वीस वर्षांखालच्या काही खेळाडूंची निवड करण्यास मुभा देऊन याला उत्तर दिले. ब्रायन ट्रॉटिए त्याच निवडीतला. न्यूयॉर्क आयलंडर्सने त्याला घेतले, पण आणखी वर्षभर ज्युनिअरमध्येच खेळू दिले. १९७५-७६ मध्ये आला तेव्हा पहिल्या मोसमात त्याने ९५ गुण नोंदवले. हॉकीत गोल आणि गोलसाठी केलेले साहाय्य मिळून हे गुण मोजतात.

पुढे नव्या लीगनेही वीस वर्षांची अट घालून पाहिली, तेव्हा केन लिन्समन हा १९ वर्षांचा खेळाडू १९७७ साली न्यायालयात गेला आणि कनेटिकटच्या संघीय न्यायालयाने ती अट मक्तेदारीविरोधी कायद्याच्या विरुद्ध ठरवली. पाठोपाठ १९७८ साली १७ वर्षांच्या वेन ग्रेट्झ्कीने इंडियानापोलिस रेसर्सशी करार केला. आठ सामन्यांनंतर तो एडमंटनकडे विकला गेला. १९७९ मध्ये ही लीग बंद पडून तिचे चार संघ एनएचएलमध्ये आले, आणि अशा खटल्यांची टांगती तलवार डोक्यावर असल्याने एनएचएलने निवडीचे वय त्या वर्षी १९ वर आणि १९८० मध्ये १८ वर आणले. १५ सप्टेंबरपर्यंत अठरा वर्षे पूर्ण करणारा खेळाडू त्या वर्षीच्या निवडीस पात्र, हा आजचा नियम त्याच मालिकेतला. अठराव्या वर्षी मुलाचे शरीर आणि खेळ व्यावसायिक लीगला पुरेसे पक्व होतात, असा निष्कर्ष कोणी अभ्यासून काढलेला नव्हता. कायद्याने कोणाला अडवता येईल, याची ती सीमा होती.

साहजिकच निवड झालेल्यांपैकी बहुतेक मुले तयार नसत. त्यांनी जायचे कुठे, याचे उत्तर एनएचएल आणि कॅनडातल्या तीन मोठ्या ज्युनिअर लीगांची शिखर संस्था सीएचएल यांच्यातल्या कराराने दिले. सीएचएलमधून निवडलेला खेळाडू वीस वर्षांचा होईपर्यंत एकतर एनएचएलमध्ये खेळेल, नाहीतर आपल्या ज्युनिअर संघात परत जाईल, असे ठरले. मधली पायरी, म्हणजे १९३६ पासून चालत आलेली अमेरिकन हॉकी लीग किंवा एएचएल, त्याला बंद. एनएचएलमधले बहुतांश खेळाडू याच एएचएलमधून वर येतात, हे लक्षात घेतले की या तरतुदीची अडचण कळते. एकोणीस वर्षांच्या मुलाला ज्युनिअर खेळ सोपा झालेला असतो आणि एनएचएल अजून झेपत नसते, आणि नेमके त्याच वर्षी त्याला या दोन टोकांखेरीज तिसरी जागा नसते.

त्यात पैशाची भर पडली. १९९३ साली पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या अलेक्झांडर डेगला ओटावाने दिलेल्या अवाढव्य कराराने मालकवर्ग हादरला, आणि १९९५ साली लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात झालेल्या सामूहिक करारात नवोदितांच्या वेतनाला कमाल मर्यादा आली. २००५ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावरही मर्यादा बसली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. चांगला खेळाडू स्वस्तात मिळण्याची ती पहिली तीन वर्षे तेव्हापासून सोन्याच्या मोलाची झाली. नऊ सामन्यांचा हिशेब येतो तो इथून. दुसरा उंबरठा चाळीस सामन्यांचा आहे : मोसमातले तितके सामने खेळाडू संघात राहिला, तर मुक्त खेळाडू, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करू शकणारा, होण्यासाठी लागणाऱ्या वर्षांमध्ये त्या वर्षाची गणना होते.

या दोन्ही नियमांचा परिणाम २०१४ च्या निवडीतल्या दोन मुलांमध्ये लख्ख दिसतो. लिऑन ड्रायझाइटल हा जर्मन, तिसऱ्या क्रमांकावर एडमंटनने निवडलेला. डेव्हिड पास्टर्नाक हा चेक, पंचविसाव्या क्रमांकावर बॉस्टनने घेतलेला. दोघेही युरोपातले आणि दोघेही अठरा वर्षांचे. पण ड्रायझाइटल कॅनडातल्या प्रिन्स अल्बर्ट या ज्युनिअर संघातून आला होता, तर पास्टर्नाक स्वीडनमधून. तेवढ्याच कारणाने पास्टर्नाकला एएचएलचे दार उघडे होते. बॉस्टनच्या एएचएल संघात, प्रॉव्हिडन्समध्ये, तो प्रौढ खेळाडूंसोबत खेळला, वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला, आणि त्या मोसमात बॉस्टनकडून ४६ सामने खेळला. ड्रायझाइटलला ते दार बंद होते. एडमंटनने त्याला ३७ सामने वर ठेवले, त्यात त्याचे दोनच गोल झाले, आणि चाळिसाचा आकडा गाठण्याआधी त्याला ज्युनिअरमध्ये धाडले गेले. तिथे केलोना रॉकेट्सकडून खेळताना तो मेमोरियल कपचा, म्हणजे सीएचएलच्या अजिंक्यपद स्पर्धेचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २०२० साली एनएचएलचा सर्वांत मौल्यवान खेळाडू. त्या ३७ सामन्यांनी त्याचे कायमचे नुकसान केले नाही. परंतु जी पायरी एकाला मिळाली ती दुसऱ्याला केवळ पूर्वीच्या क्लबच्या पत्त्यामुळे मिळू नये, याचे समर्थन मला तरी करता येत नाही.

मुळात मैदानावर ‘तयार’ म्हणजे काय, तेही पाहायला हवे. रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते, आणि खेळाडू पाऊण-एक मिनिटाच्या पाळ्यांत आत-बाहेर होत राहतो. अठरा वर्षांचा बचावपटू आपल्या गोलमागच्या कोपऱ्यात पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, घ्यायला वळतो तेव्हा त्याची पाठ मैदानाकडे असते आणि मागून सत्तावीस वर्षांचा, पूर्ण भरलेल्या अंगाचा आक्रमक वेगाने येत असतो. वळण्यापूर्वी खांद्यावरून एकदा मागे पाहणे, धडक बसण्याआधी पक कुणाकडे द्यायचा हे ठरवलेले असणे, आणि धडक बसल्यावर रिंकभोवतीच्या फळीला चिकटून न राहता बाहेर पडणे, या तीन गोष्टी ज्युनिअरमध्ये आळसाने केल्या तरी चालून जातात. एनएचएलमध्ये तिथून गोल होतो. म्हणूनच बचावपटूंना आक्रमकांपेक्षा आणि गोलरक्षकांना त्या दोघांपेक्षा जास्त वर्षे दिली जातात. १९८३ साली शाळेच्या संघातून थेट बफलोच्या गोलमध्ये उभा राहिलेला टॉम बरासो पहिल्याच मोसमात सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम गोलरक्षक असे दोन्ही सन्मान घेऊन गेला, पण तसा दुसरा दाखला शोधूनही सापडणे कठीण.

वाट पाहणाऱ्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे केल मकार. कोलोरॅडोने त्याला २०१७ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडले, त्यानंतर तो दोन वर्षे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडून खेळला. एप्रिल २०१९ मध्ये विद्यापीठ स्पर्धेचा अंतिम सामना खेळून दोन दिवसांत तो एनएचएलच्या बाद फेरीत उतरला आणि पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला. तीन वर्षांनी संघाने स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकला तेव्हा बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता.

ही महाविद्यालयीन वाट सीएचएलच्या खेळाडूंना मात्र दशकानुदशके बंद होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या विद्यापीठ क्रीडासंस्थेने, एनसीएएने, ती ऑगस्ट २०२५ पासून खुली केली आणि मेडिसिन हॅटच्या ज्युनिअर संघातला गॅव्हिन मकेना सतराव्या वर्षी पेन स्टेट विद्यापीठात दाखल झाला. २०२५ च्या उन्हाळ्यात एनएचएल आणि खेळाडूंची संघटना यांच्यात झालेल्या समझोत्यात प्रत्येक संघाला सीएचएलमधला एक एकोणीस वर्षांचा खेळाडू एएचएलमध्ये पाठवण्याची मुभा देणारी तरतूद आहे. यामागे शेन राइटसारख्यांचा अनुभव आहे. २०२२-२३ मध्ये सिअॅटल, एएचएलमधला अल्पकाळ, जागतिक ज्युनिअर स्पर्धा आणि विंडसरचा ज्युनिअर संघ अशी त्याची एकाच मोसमात फिरवाफिरव झाली होती. ज्युनिअर संघांची चिंताही खोटी नाही. मूस जॉ किंवा प्रिन्स अल्बर्टसारख्या गावांत हिवाळाभर लोक ज्यांना पाहायला येतात, ती एकोणीस वर्षांची मुले वर गेली तर त्या गावांना त्याची झळ बसेलच. तरीही एका संघामागे एक ही मर्यादा मला अपुरी वाटते.

वर ठेवून बाकावर बसवल्याने काय होते, याबद्दल मतभेद आहेत. जो थॉर्नटन १९९७-९८ मध्ये अठराव्या वर्षी बॉस्टनकडून ५५ सामन्यांत मोजकाच वेळ खेळला, त्याचे तीनच गोल झाले, आणि पुढे त्याने १,५०० हून अधिक गुण मिळवले. त्याच्या पुढच्या वर्षी पंजाबी वडील आणि फ्रेंच-कॅनेडियन आईचा मुलगा मॅनी मल्होत्रा न्यूयॉर्क रेंजर्सने सातव्या क्रमांकावर निवडला. पहिल्या मोसमात तो ७३ सामने खेळला, पण बर्फावर त्याला फार थोडा वेळ मिळे; दुसऱ्या मोसमात २७ सामन्यांत एकही गुण नाही. त्याच मोसमात तो ज्युनिअर संघात गेला आणि नंतर एएचएलमधल्या हार्टफर्डकडे, जिथे अखेर भरपूर खेळायला मिळून संघाने २००० सालचा कॅल्डर कप, म्हणजे एएचएलचे विजेतेपद, जिंकला. पुढे तो एनएचएलमध्ये ९९१ सामने खेळला, मुख्यतः बचावात्मक जबाबदारी उचलणारा खेळाडू म्हणून. तो याहून मोठा आक्रमक झाला असता का, हे कोणालाच सांगता येणार नाही.

हाच मल्होत्रा २०२४ मध्ये व्हँकूवरच्या एएचएल संघाचा, अॅबट्सफर्डचा, मुख्य प्रशिक्षक झाला. जून २०२५ मध्ये त्या संघाने कॅल्डर कप जिंकला आणि बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो लॅटव्हियाचा गोलरक्षक आर्टूर्स शिलोव्ह्स, २०१९ च्या सहाव्या फेरीत निवडलेला, तेव्हा २४ वर्षांचा. त्याच उन्हाळ्यात पिट्सबर्गने त्याला आपल्याकडे घेतले.