अर्ध्या सेकंदाचं वाळवंट

"रागावलीस का?"

गेल्या वर्षी आमच्या घरात हा प्रश्न जवळजवळ रोज ऐकू यायचा. विचारणारा माझा मुलगा, सहारातल्या एका तळावर. उत्तर देणारी माझी सून, इंदूरच्या लोकमान्य नगरात, आमच्या ओट्यापाशी, हाताला कणीक आणि फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला. ती म्हणायची, "नाही रे." ते तिकडे पोचेपर्यंत तो पुढचं बोलून मोकळा झालेला असायचा, "मग गप्प का?" वाक्यं एकमेकांवर आदळायची, दोघं थांबायची, दोघं "तू बोल" म्हणायची, आणि तेही एकाच वेळी. तिसऱ्या मिनिटाला ती खरोखरच रागावलेली असायची.

मी तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. नवरा-बायकोच्या भांडणात सासूनं पडू नये एवढं मला कळतं. पण या भांडणात दोष दोघांचाही नव्हता. तो जमिनीपासून जवळपास छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर होता.

मुलगा सैन्यात, सिग्नल्समध्ये. इंदूरजवळच्या महूच्या मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगमध्ये शिकत होता तेव्हा रविवारी घरी जेवायला यायचा, त्यामुळे 'दूर असणं' म्हणजे काय ते आम्हाला फारसं ठाऊकच नव्हतं. मग संयुक्त राष्ट्रांचा लष्करी निरीक्षक म्हणून त्याची पश्चिम सहारात नेमणूक झाली. तिथे १९९१ पासून 'मिनुर्सो' ही मोहीम आहे. मोरोक्को आणि पश्चिम सहाराच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी पोलिसारिओ आघाडी यांच्यातल्या युद्धविरामावर लक्ष ठेवायला ती उभारली, आणि २०२० च्या नोव्हेंबरात पोलिसारिओनं तो युद्धविराम आपण आता मानत नाही असं जाहीर केलं. मधोमध सुमारे २,७०० किलोमीटर लांबीचा वाळूचा बांध, त्याच्या आसपास पेरलेले सुरुंग. निरीक्षकाकडे शस्त्र नसतं. कुटुंब सोबत नेता येत नाही. सुनेनं ही सगळी माहिती पहिल्या रात्री एकदाच वाचली आणि फोन उशीखाली ठेवून दिला. पुन्हा कधी वाचली नाही.

तर तो उंचावरचा दोष. तळावरून बोलणं जायचं ते उपग्रहामार्फत. पृथ्वीबरोबर फिरणारा, आकाशात एकाच जागी दिसणारा उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच असावा लागतो. त्याहून खाली असला तर तो जास्त वेगानं फिरतो आणि मागे सरकत नाही, पुढे निघून जातो. म्हणजे एक शब्द वर जाऊन खाली यायचा तर बहात्तर हजार किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानंही त्याला पाव सेकंद लागतो. तिचं उत्तर परत जायला आणखी पाव. शिवाय यंत्रांची आणि समुद्राखालच्या केबलची वेगळी दलाली. एकूण अर्ध्या सेकंदाच्या वरच.

अर्धा सेकंद म्हणजे किती, असं वाटेल. कुकरच्या शिट्टीला त्याहून जास्त लागतो. पण बोलण्यात तो फार मोठा आहे. २००९ साली दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॅनिश, जपानी, कोरियन, लाओ अशा एकमेकींशी नातं नसलेल्या भाषा त्यात होत्या. मराठी नव्हती, पण आपण काही वेगळे नसणार. एकाचा प्रश्न संपला की दुसऱ्याचं उत्तर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागात सुरू होतं. गंमत अशी की समोर चित्र दाखवून नुसतं त्याचं नाव सांगायला लावलं, तरी मेंदूला अर्ध्या सेकंदाच्या वर वेळ लागतो. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आतच आपण ते कुठे संपणार ते ओळखून आपलं उत्तर जुळवायला घेतलेलं असतं. दोन माणसांचं बोलणं म्हणजे टेबल टेनिसपेक्षा फुगडी जास्त. दोघींना एकाच ठेक्यात राहावं लागतं.

आणि ठेका चुकला की आपण त्याचा अर्थ लावतो. होकार पटकन येतो, नकार देताना माणूस अडखळतो, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. "पिकनिकला जाऊ?" यावर आई क्षणभर थांबली की मूल ओळखतं. त्यामुळे यंत्रानं केलेला उशीर आपण माणसाच्या खाती टाकतो. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ साली नेमकं हेच दाखवलं. फोनवर मुद्दाम थोडा उशीर घातला तर बोलणाऱ्यांना लाइन खराब आहे असं वाटत नाही. समोरचा माणूस कमी लक्ष देतोय, कमी आपुलकीनं बोलतोय असं वाटतं. दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय संघटना म्हणूनच सांगते की एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. आमचा त्याच्या जवळपास दुप्पट होता.

हे मी सुनेला वरणाला फोडणी देता देता समजावलं. ती म्हणाली, "आई, म्हणजे मी उगाच रडले काल?" उगाच नाही, पण कारण दुसरं होतं.

त्यावर तोडगा मुलानंच काढला, आणि तो बिनतारी संदेशाइतकाच जुना आहे. आपलं म्हणणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं. तोवर दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. सहा वर्षांच्या नातवाला हा खेळ इतका आवडला की तो शाळेच्या बाईंनाही "होमवर्क झाला, ओव्हर" असं सांगू लागला. नवरा-बायकोचं बोलणं त्यामुळे थोडं वायरलेस सेटवरचं झालं खरं, पण भांडणं थांबली.

मग बोलूच नये, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं, म्हणजे उशीराचा प्रश्नच नाही, असं मला आधी वाटलं होतं. मी चुकले. विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्ट्झर आणि सहकाऱ्यांनी सात ते बारा वर्षांच्या मुलींना अनोळखी माणसांसमोर आयत्या वेळी भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावली. (आपल्याकडे याला तोंडी परीक्षा म्हणतात आणि कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही.) मुली घाबरल्या, कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढलं. मग काहींना आई प्रत्यक्ष भेटली, जवळ घेतलं. काहींना नुसता आईचा फोन आला. २०१० साली आलेला निष्कर्ष असा की फोनवरच्या आवाजानंही कॉर्टिसोल जवळजवळ मिठीइतकंच उतरलं, आणि जवळिकीशी जोडलं जाणारं ऑक्सिटोसिन वाढलं. दोन वर्षांनी त्यांनी लेखी मेसेजही तपासले. आई तीच, धीराचे शब्दही तसेच, पण टाइप केलेले. त्या मुलींचं कॉर्टिसोल आईशी अजिबात संपर्क न झालेल्या मुलींसारखंच राहिलं.

यात ऑक्सिटोसिन लघवीतून मोजलं होतं, आणि त्यावरून मेंदूत काय चाललंय हे कितपत सांगता येतं याबद्दल जाणकारांत वाद आहेत. शिवाय ते मोजमाप तासाभराचं. आमच्या आळीत एक काका होते, १९६० च्या सुमारास गाझाला जाऊन आलेले. १९५६ ते १९६७ अशी अकरा वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत भारतीय तुकड्या गाझा आणि सिनाईच्या वाळवंटात होत्या. जनरल ग्यानी आणि शेवटी जनरल रिखये या भारतीयांनी त्या फौजेचं नेतृत्वही केलं, आणि १९६७ च्या जूनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा आपले जवान तिथे मारले गेले. काकूंकडे त्या काळातल्या पत्रांची पत्र्याची पेटी होती. फोन नव्हताच. ती पत्रंही लेखी मजकूरच की. पण एकेक पत्र त्यांनी महिनाभर पुरवून वाचलेलं, घडीवर झिजलेलं. प्रयोगशाळेतल्या एका तासात हे मावत नाही. तरीही मी सुनेला सांगितलं, सुप्रभातचे फोटो कमी पाठव, आवाज रेकॉर्ड करून पाठव. तिनं कुकरच्या शिट्ट्या, पोह्यांवर शेव टाकण्याचा आवाज, नातवाचे पाढे असलं काहीबाही पाठवलं. तो म्हणे रात्री तेच ऐकत झोपायचा.

हात मात्र पाठवता येत नाही. जेम्स कोआन यांनी २००६ साली सोळा विवाहित स्त्रियांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवलं आणि मध्येच विजेचा सौम्य झटका बसेल असं बजावलं. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतल्या धोका ओळखणाऱ्या भागांची धावपळ सर्वांत कमी झाली, अनोळखी माणसाच्या हातानं थोडी कमी. सुनेची दाढ काढायची होती तेव्हा मी तिचा हात धरून बसले. त्या प्रयोगात नवऱ्याचा हात होता, परक्याचा होता, सासूचा नव्हता.

पहिल्या आठवड्यात मुलगा म्हणाला होता, "आई, पंचेचाळीस डिग्री आहे, पण घामच येत नाही." मी घाबरून ओरडलेच, पाणी पी म्हणून. घाम येत असतो, दिसत नाही एवढंच. हवा इतकी कोरडी की थेंब होण्याआधीच तो उडतो. शर्टावर फक्त मिठाच्या पांढऱ्या रेघा राहतात. एक लिटर घाम उडताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सात लिटर साधं पाणी उकळायला लागेल एवढी. वाळवंटात काम करणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो, आणि तहान नेहमी मागून येते. दहा-चौदा दिवसांत शरीर शिकतं. रक्तातला पातळ भाग वाढतो, घाम लवकर आणि जास्त येतो, त्यातलं मीठ कमी होतं, तेवढ्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात. याला आपल्याकडे सरावणं असा साधा शब्द आहे. आणि उन्हातून बाहेर आलं की तीन-चार आठवड्यांत हा सराव मोडतो.

तो तिकडे उन्हाला सरावत होता, तेव्हा आम्ही इकडे त्याच्या नसण्याला. हा सराव रक्ताच्या चाचणीत दिसत नाही, पण त्यालाही वेळापत्रक असतं. अमेरिकी नौसैनिकांच्या कुटुंबांबद्दल कॅथलीन व्हेस्टल लोगन यांनी १९८७ साली सात टप्पे मांडले. टप्पे मोजण्याची मला फारशी आवड नाही, माणसं काही जिना नव्हेत. पण त्यांचं एक निरीक्षण वाचून मी हसले: जायच्या आधीच्या दिवसांत जोडपी हमखास भांडतात. आमच्याकडे बॅगेत मेतकूट ठेवावं की नाही यावरून दोन दिवस अबोला होता. रागावून निरोप देणं सोपं जातं, एवढंच त्यामागचं कारण.

पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेल्या अमेरिकी वैमानिकांच्या बायकांशी बोलून एक कल्पना मांडली. माणूस शरीरानं घरात नाही, पण मनानं आहे. मग तो घरात मोजायचा की नाही? आमचा मुलगा बेपत्ता नव्हता, रात्री नऊला फोन यायचा, तेव्हा त्याच्याकडे साडेचार वाजलेले असायचे. तरी हा प्रश्न आमच्याकडेही रोज पान वाढताना यायचा. पहिले दोन महिने सून सवयीनं चार ताटं काढायची आणि एक परत ठेवायची. मग एक दिवस तिनं तीनच काढली. तिच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. गॅसचा नंबर, बँकेचा लॉकर, स्कूटरचा पंक्चरवाला, सगळं तिनं हळूहळू आपल्या हाती घेतलं. पाच महिन्यांनी ती त्याला विचारायची बंद झाली, नुसती सांगू लागली.

यात चांगलं काय आणि वाईट काय, हे सरळ नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या आयोवा राज्यातल्या कुटुंबांचा रूबेन हिल यांनी अभ्यास केला, तो १९४९ साली पुस्तकरूपानं आला. नवरा युद्धावर गेल्यावर ज्या घरांनी त्याची जागा पूर्ण बुजवून टाकली, ती त्याच्या गैरहजेरीत छान चालली. तो परतल्यावर त्याला आत घेताना त्यांचीच जास्त ओढाताण झाली. जागा उघडी ठेवली तर वर्षभर बोचते, बुजवली तर परत खणावी लागते.

गणपतीच्या आठ दिवस आधी तो परत आला. काळवंडलेला, आठ किलोंनी हलका. इंदूरची भाद्रपदातली हवा दमट. सहारात कमावलेला तो भरपूर घाम इथे उडायचं नाव घेईना, नुसता नाकावरून टपकत होता. जेवायला बसलो तर सुनेनं तीन ताटं मांडली होती. कुणी काही बोललं नाही. तो उठला, मांडणीवरून चौथं घेऊन आला, आणि नातू त्याच्या पाटावर बसला होता म्हणून भिंतीकडेला टेकला.

"वरण वाढू?" सुनेनं विचारलं.

तो तिच्याकडे बघत थांबला. ती पळी धरून थांबली. दोघंही समोरासमोर, मध्ये हातभराचं अंतर, आणि तरी तो अर्धा सेकंद तसाच मध्ये.

"आई," नातू म्हणाला, "तू ओव्हर कुठे म्हणालीस?"