वॉरंटीतला लॅपटॉप बिघडला, कंपनी दाद देत नाही? कोल्हापुरातून ग्राहक आयोगात तक्रार अशी करा

नवा लॅपटॉप काही महिन्यांत बंद पडतो. राजारामपुरीतला दुकानदार सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवतो, सर्व्हिस सेंटर टोल-फ्री नंबर देतं आणि तिथून ‘आपली तक्रार निकाली काढली आहे’ असा मेसेज येतो. मशीन मात्र बंदच. अशा वेळी नुसते फोन करत बसू नका. फोनवरचं बोलणं तुमच्या हातात काहीच ठेवत नाही, आणि ग्राहक आयोगापुढे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या सरकारी मंचापुढे, चालतो तो कागद.

तक्रार कोण करू शकतो?
पैसे मोजून स्वतःच्या वापरासाठी वस्तू घेतलेला कुणीही, ऑनलाइन खरेदी असली तरी. शाहूपुरीत एकट्याने डीटीपी करून पोट भरणाराही ग्राहकच, कारण स्वयंरोजगारासाठीची खरेदी कायद्याने व्यापारी धरलेली नाही. पुन्हा विकायला आणलेला माल मात्र यात बसत नाही. कंपनी बंगळुरूची असली तरी बिघडत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे कागल, गडहिंग्लजच्या माणसालाही कोल्हापूरचाच जिल्हा आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जातं, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य.

मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. कस्टमर केअरशी ईमेल चालू आहेत म्हणून ही मुदत वाढते असं समजू नका.

कागदपत्रं
सिरीयल नंबर असलेलं जीएसटी बिल, वॉरंटी कार्ड, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, ईमेल आणि मेसेजच्या प्रिंट, प्रतिज्ञापत्र.

पण सगळ्यात मोलाची जॉबशीट, म्हणजे मशीन जमा करताना सर्व्हिस सेंटर बिघाड लिहून देतं तो कागद. मशीन जमा करताना काउंटरवर ती नीट वाचा. तुम्ही सांगितलेलं ‘चालू असताना अचानक बंद होतो’ असं असतं आणि शीटवर येतं ‘हळू चालतो’. कधी कोपऱ्यात ‘फिजिकल डॅमेज’वर टिक असते, आणि पुढे तेवढ्यावरच वॉरंटी नाकारतात. चुकीचं लिहिलं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या, मगच सही करा. देण्याआधी चारही बाजूंचे फोटो आणि बिघाडाचा, सिरीयल नंबर दिसेल असा व्हिडिओ काढा. डेटाचा बॅकअप घ्या; डिस्क फॉरमॅट झाली तर सर्व्हिस सेंटर जबाबदारी घेत नाही. परत घेतानाही काय बदललं ते लेखी मागा.

प्रक्रिया
आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. मराठीत बोलता येतं. ती मध्यस्थी करते, आदेश देऊ शकत नाही, पण कित्येकदा तेवढ्यावर काम होतं. नाही झालं तर दुकानदार आणि कंपनी दोघांनाही १५ दिवसांची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा.

मग तक्रार. आयोगात जाऊन किंवा ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही. दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला जागा राहत नाही. मागणी स्पष्ट लिहा: बदली मशीन की पैसे परत, शिवाय नुकसानभरपाई आणि खर्च. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५ मिळतात. निकालासाठी कायद्याने ३ महिने, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर ५ महिने सांगितले आहेत; प्रत्यक्षात जास्त लागतात.

तोवर ते मशीन विकू नका, बाहेर कुणाकडून उघडूनही घेऊ नका. तपासणीचा आदेश झाला तर तेच द्यावं लागतं.